कोरड्या वाफ्यातलं पाणी

संशोधन केंद्र, मुळांची खोली
१२ मार्च

ती. ताईस सप्रेम नमस्कार.

तू बरी असशील. इथे आम्ही दोघंही ठीक आहोत. बाबांच्या उजव्या कानाचं यंत्र पुन्हा बिघडलं होतं, ते त्यांनी स्वतःच उघडून नीट केलं. पन्नास वर्षं घड्याळं उघडली, आता कान उघडायला काय लागतं, म्हणाले. तेव्हापासून त्यांना भिंतीपलीकडच्या शेजारणीचं सगळं ऐकू येतं आणि माझं काहीच येत नाही. दर रविवारी दहा वाजता फोनजवळ खुर्ची ओढून बसतात. तुझा फोन येत नाही. का येत नाही ते मी सांगत नाही आणि ते विचारत नाहीत.

पत्रास कारण तुला माहीत आहे. त्या दिवशी फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून लिहिते आहे. कागद मध्येच तोडून बोलत नाही, एवढा त्याचा गुण.

"एक सही मागितली तुझ्याकडे. एक. तू सहा वर्षांची असल्यापासून तुझं सगळं केलं, कधी बोलून दाखवलं?" असं तू म्हणालीस. नाही दाखवलंस. आई गेली तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. कॉलेज सकाळचं घेतलंस, माझ्या वेण्या घातल्यास, माझं गणित घेतलंस, पुढे मला या केंद्रात आणलंस. यातलं काही मी विसरलेले नाही. पण बियाणं वाटपाच्या त्या शिफारशीच्या कागदावर काय लिहिलंय ते तू पुन्हा एकदा वाच. 'निश्चिंत हे चवळीचं वाण पाण्याच्या ताणातही हवेतलं नत्र धरून ठेवतं. त्याला खत लागत नाही. पुढच्या पिकालाही त्याचा फायदा मिळतो.' खाली मुळांच्या विभागाची सही. म्हणजे माझी. वाण तुझं आहे, तरी ही तिन्ही वाक्यं खोटी आहेत, ताई. मी सही करणार नाही.

आता मी हे कशावरून म्हणते ते सांगते.

गेल्या वर्षी, निश्चिंतचं चाचणीचं बियाणं दिलेल्यांपैकी वरच्या माळावरची एक बाई केंद्रात आली. पन्नाशीची, उंच, बोलण्यात धार. बरोबर ओलं पोतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला बियाणे विभागाकडे पाठवलं, त्यांनी खत विभागाकडे, त्यांनी जेवणाची सुट्टी संपल्यावर या म्हणून सांगितलं. शेवटी ती माझ्या खोलीत आली आणि पोतं सरळ टेबलावर उपडं केलं. चवळीची दहा-बारा झाडं, मुळांसकट.

"तुमचं निश्चिंत," ती म्हणाली. "पानं बघा, कशी हिरवीगार. तुमचे लोक येतात, पानांचे फोटो काढतात आणि जातात. मला एवढंच सांगा, या चवळीनंतर त्याच रानात ज्वारी पेरली तर ती दोन्ही वर्षं पिवळी का पडली? आणि शेजारच्या तुकड्यात आमची जुनी रानवट चवळी होती, तिथली ज्वारी गर्द हिरवी, काळीभोर कशी?"

मी म्हटलं, पाऊस कमी होता.

"पाऊस काय माझ्याच तुकड्यात कमी पडला?"

मी मुळं धुतली. गाठी होत्या, पण मोहरीएवढ्या. नखाने एक फोडली, आत हिरवट करडी. दुसरी फोडली, तशीच. तुला सांगायला नको. गाठ आतून गुलाबी असेल तर जिवाणू कामावर आहेत, हवेतलं नत्र झाडाला देतायत. हिरवी-करडी म्हणजे दुकान बंद. बाई माझ्या नखाकडे बघत होती. "आमच्या रानवट चवळीच्या गाठी फोडल्या की बोट लाल होतं," ती म्हणाली.

त्याआधी बारा वर्षं मी चवळीच्या मुळांना हात लावला नव्हता. वाटाणा, हरभरा, भुईमूग, सगळ्यांची मुळं उकरली, चवळी तेवढी टाळली. का, ते आत्ता विचारू नकोस.

ती गेल्यावर मी सरकत्या छपराखालचे वाफे मागून घेतले आणि यंदाच्या कोरड्या हंगामात चाचणी लावली. निश्चिंत, रानवट आणि आणखी दोन वाणं. अर्ध्या वाफ्यांना पाणी, अर्ध्यांचं बंद. दर तिसऱ्या दिवशी झाडं उकरायची, धुवायची, गाठी फोडायच्या. पाणी तोडल्याच्या सहाव्या दिवशी निश्चिंतच्या गाठींचं काम मंदावलं, नवव्या दिवशी थांबलं. नवव्या दिवशी, ताई, तेव्हा पानं अजून नव्या नवरीसारखी होती. पान सुकायच्या आधी गाठ बंद पडते. पाणी कमी झालं की गाठ स्वतःला आवळून घेते, हवा आत घेत नाही, आणि जिवाणू तिथल्या तिथे गुदमरतात. हे कमीजास्त सगळ्याच वाणांत होतं. पण रानवट चवळी पानं पिवळी करून टाकते, ओंगळ दिसते आणि गाठी सोळाव्या दिवसापर्यंत सांभाळते. निश्चिंत उलटं करतं. गाठी सोडून देतं आणि पानं हिरवी ठेवायला लागणारं नत्र जमिनीतून ओरपतं. म्हणजे आपण लोकांना सांगतोय की हे झाड जमिनीला देऊन जाईल, आणि ते जमिनीचं खाऊन जातं.

आकडे सोबत जोडले आहेत. पुढच्या हंगामात हे बियाणं साऱ्या कोरडवाहू पट्ट्यात वाटणार म्हणतात. मी विरोधाची टीप लिहून समितीकडे पाठवली आहे. तुझ्या पाठीमागे नको म्हणून तुलाही कळवते.

रागावलीस तरी तब्येत सांभाळ. बाबांना फोन कर, माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझी,
धाकटी

*

संशोधन केंद्र
३ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं. त्यातली तिसरी ओळ मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. 'तेरा वर्षांपूर्वीच्या चाचणीत विसाव्या दिवशीही निश्चिंतच्या गाठी गुलाबी होत्या, आणि त्या मोजणारी तूच होतीस; तेव्हा खोटी होतीस की आता आहेस, ते एकदा ठरव.'

ठरवलं. तेव्हा होते.

पहिल्या पत्रातच हे लिहायला हवं होतं. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा बाबांच्या कानावर गाडी नेली. आता सरळ लिहिते.

त्या चाचणीत प्रत्येक वाणाला स्वतंत्र नळी होती, आठवतं? निश्चिंतला तिसरी. कोरड्या वाफ्यांचं पाणी बंद करून अकरा दिवस झाले होते. शुक्रवार होता. तिसरी नळी गाळाने तुंबलेली दिसली, ती धुवून ठेवावी म्हणून मी तिचा व्हॉल्व्ह उघडला. दुपारची बस गाठायची होती. मी निघाले. व्हॉल्व्ह तसाच राहिला.

कुठे निघाले होते, तेही सांगते, नाहीतर पुन्हा अर्धंच होईल. मी तुला म्हटलं होतं, मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आहे. लग्नबिग्न काही नव्हतं. जमीन मोजणीच्या खात्यात एक जण होता, त्याच्या आईला भेटायला गेले होते. तू नको म्हणाली असतीस, म्हणून सांगितलं नाही. त्याच्यापायी वाफा विसरले, आणि वर्षाच्या आत तो मला विसरला. दोघांचा हिशेब तिथेच मिटला.

सोमवारी सकाळी आले तर तिसरा वाफा चिखल झालेला. तीन दिवस थेंब थेंब चाललं होतं. मी व्हॉल्व्ह बंद केला. मातीतल्या ओलाव्याच्या वहीत शुक्रवारच्या आकड्यांवरून शनिवार, रविवार आणि सोमवार मनानेच उतरवले, दर दिवशी थोडे थोडे कमी करत. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं, हेच मला पुढे जास्त खुपलं.

तू त्या दिवसांत तापाने आडवी होतीस. त्या शुक्रवारनंतर नऊ दिवसांनी बरी होऊन आलीस, स्वतः खुरपं घेतलंस, झाड उपटलंस आणि तळहातावर गाठ फोडलीस. गुलाबी. का नसणार, पोटभर प्यायली होती. "विसावा दिवस," तू म्हणालीस, "विसाव्या दिवशी गुलाबी." आणि तू त्या चिखलवाळल्या वाफ्यात मटकन खाली बसलीस आणि रडलीस. आई गेल्यावर तुला रडताना मी तेव्हाच पाहिलं. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तुझ्यामुळे झालं हे." शब्दाला शब्द खरं होतं ते.

त्यानंतर सगळ्यांनी पानं मोजली, शेंगा मोजल्या. मुळं उकरायला कुणाला सवड होती? मुळांचं तर झालेलंच होतं, मी केलेलं. मला कायम नोकरी लागली. तू वर चढत गेलीस, पार मुख्यालयात संचालकाच्या खुर्चीपर्यंत. मी चवळीकडे बघणं सोडलं.

तुझी क्षमा मागते. नीट, मनापासून मागते, आणि एकदाच मागते. वारंवार मागितली की ती लाच होते.

पण एक गोष्ट ऐक. माझा अपराध माझ्या आजच्या आकड्यांना लागू करू नकोस. काल आपल्या केंद्रप्रमुख साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. तुझं नाव न घेता, चहा पाजून, गोड बोलून सांगत होते.

"जुनी गोष्ट आहे. चूक कुणाकडून होत नाही? ती टीप मागे घ्या. तुम्हाला बियाणे कोठारात प्रमुख करतो. सावलीतलं काम आहे. कशाला त्या मुळांच्या नादी लागता?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला ही जुनी गोष्ट कशी कळली? मी तर अजून कुणाला सांगितलेली नाही."

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, त्या वेळच्या पंपवाल्याने रिकामी टाकी पाहिली होती. त्याने तेव्हाच कार्यालयात सांगितलं होतं.

म्हणजे तेरा वर्षं कार्यालयाला माहीत होतं. मी एकटीच मूठ झाकून बसले होते आणि मूठ काचेची होती. तुला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. माहीत असेल तर तू मला त्या ओळीत जो प्रश्न विचारलास त्याचा अर्थ बदलतो, आणि तो बदललेला अर्थ मला नको आहे.

कोठार नको म्हणून सांगितलं. बावीस तारखेला समितीपुढे मला बोलावलं आहे. तिथे निश्चिंतबद्दल बोलण्याआधी मी माझ्याबद्दल बोलेन. तू अडवू नकोस. अडवलंस तरी बोलेन.

तुझी बहीण

*

वरचा माळ
१ जुलै

ती. ताईस,

बाबा मजेत आहेत. इथे माळावर शेजारीण नाही, त्यामुळे त्यांना आता कोंबड्या ऐकू येतात. त्यांनी या घरातली बंद पडलेली दोन घड्याळं चालू केली, आणि घराच्या मालकिणीचं, त्या पोतं घेऊन आलेल्या बाईचं, म्हणणं की त्यामुळे घरात उगाच घाई सुरू झाली. तू गेल्या रविवारी त्यांना फोन केलास. काय बोललात ते त्यांनी सांगितलं नाही. "दोघींचं अर्धं अर्धं ऐकू येतं, म्हणून माझं बरं चाललंय," एवढंच म्हणाले.

बावीस एप्रिलला समितीपुढे तू त्या लांब टेबलाच्या कडेला बसली होतीस, वाण तुझं म्हणून तुला बोलायला मनाई होती. तेव्हा तुला सगळं माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण तू पूर्ण वेळ खिडकीकडे बघत होतीस.

नळीचं मी सांगून टाकलं तेव्हा अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही स्वतःच म्हणता की तुम्ही खोटे आकडे लिहिलेत. मग आजच्या आकड्यांवर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका," मी म्हटलं. "नखं आहेत ना सगळ्यांना?"

बादलीतून आणलेली झाडं मी टेबलावर मांडली. चिठ्ठ्यांवर फक्त क्रमांक होते, कोणतं वाण कोणतं ते फक्त सचिवांच्या बंद पाकिटात. पाणी तोडून सगळ्यांना बारा दिवस झालेले. अध्यक्ष बाईंनी आधी रुमालाने गाठ धरली, मग रुमाल ठेवून दिला. पाच माणसं, एकेकाने आठ आठ गाठी फोडल्या. खोलीत ओल्या मातीचा वास झाला होता. मग पाकीट फोडलं. निश्चिंतच्या एकाही गाठीत रंग नव्हता. एका म्हाताऱ्या सदस्याचं बोट रानवटीने लाल झालं होतं. ते त्याने पुसलं नाही, जाईपर्यंत तसंच धरून बसला.

आठवड्याने दोन कागद एकाच दिवशी आले. बियाणं वाटप थांबवल्याचा एक, मला नोकरीवरून काढल्याचा दुसरा. दोन्हींवर तुझी सही. माझी सही तू मागितली होतीस, तर तुझ्या दोन मिळाल्या. थट्टा करत नाही. दोन्ही सह्या योग्य जागी आहेत. तुझ्या जागी मी असते तर मीही मला काढलं असतं. मात्र तू पहिल्या कागदावर सही करताना तुझा हात कसा होता, ते मला बघायचं होतं. सोळा वर्षांचं काम होतं ते. ते पाडायचं म्हटल्यावर तू दुसऱ्या कुणाच्या हातून पाडू शकली असतीस.

खोली रिकामी करताना साहेब दारात येऊन उभे राहिले. "हट्टाने काय मिळवलंत?" मी म्हटलं, "सुट्टी."

माळावरच्या बाईने तिच्या गोठ्यामागची पत्र्याची शेड मला दिली आहे. ती मला 'मुळंवाली' म्हणते. सकाळी तिच्या रानात काम करते, दुपारी शेडखाली माझ्या बादल्या. आजूबाजूच्या बाया येतात, आपापल्या चवळीची झाडं घेऊन. पान बघायचं नाही, आधी मूळ, एवढं मी शिकवलं. आता त्याच एकमेकींना शिकवतात, आणि मी चुकले की मलाही.

आता तुझं पाकीट. मे महिन्यात आलं. आत पत्र नाही, चिठ्ठी नाही. फक्त एक जुनी कागदी पुडी, तिच्यावर तुझ्या वळणदार अक्षरात वाणाचा क्रमांक आणि खाली 'बाद. ताणात पानं पिवळी पडतात.' तारीख सोळा वर्षांपूर्वीची. निश्चिंत निवडलंस त्याच हंगामात तू हे बाजूला टाकलं होतंस. शीतपेटीतून तू स्वतः शोधून काढलंस की कुणाला सांगितलंस, ते मला माहीत नाही. मी त्या पुडीकडे एक दिवस नुसती बघत होते. मग पेरलं.

सत्तावीस उगवली. चार आठवडे पाणी दिलं आणि मग तोडलं. आज चौदावा दिवस. पानं पिवळी पडली, तू लिहिलं होतंस तशीच, आणि दिसतातही भिकार. दुपारी सहा झाडं उकरली. चार झाडांच्या गाठी गुलाबी होत्या. दोन झाडांच्या तपकिरी. शेजारच्या बादलीतल्या निश्चिंतच्या सहाही झाडांच्या गाठी मेलेल्या. चार बघून मी नाचले नाही, दोन बघून खचले नाही. सहाच्या सहा लिहिली, शेजारी बाईचा अंगठा घेतला साक्षीला, ती हसली तरी.

सहा झाडांनी काही सिद्ध होत नाही, हे तू मला शिकवलंस. पण सोळा वर्षांपूर्वी तू पानं बघून जे टाकलंस आणि तेरा वर्षांपूर्वी मी ज्या मुळांबद्दल खोटं लिहिलं, ती दोन्ही कामं आता अर्धवट पडून आहेत. हिरवी पानं निश्चिंतकडे आहेत, चिवट गाठी या बाद वाणाकडे. दोघांचा संकर करायला हवा. फूल उमलायच्या आधी पाकळी न फाटता चिमट्याने परागकोश काढायला तुझ्याइतका हलका हात मी पाहिलेला नाही. माझ्या हातून दहातली सात फुलं गळतात. उरलेल्या तीन फुलांवर मी काम चालवीन. सात वर्षं लागतील, दहा लागतील. मला आता कुठे जायचं नाही आणि कुणाला घाबरायचं नाही.

तू येशील म्हणून हे लिहीत नाही. तू मोठ्या खुर्चीवर आहेस, तुला इथे आलेलं परवडणार नाही, लोक बोलतील. बोलू देत, असं मी म्हणेन. पण ते माझं म्हणणं झालं. मी तुला बोलावत नाही, मला परत कामावर घे म्हणून गयावयाही करत नाही. फुलं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतील. पहाटे उमलतात, त्यामुळे काम आदल्या संध्याकाळी करावं लागतं. तू आलीस तर एक चिमटा तुझा. नाही आलीस तर दोन्ही माझे.

जे निघेल ते जसंच्या तसं लिहिणारी,
तुझी बहीण